तणसीतला साग

त्या सिनेमाच्या सुरुवातीला दोन पाट्या येतात. पहिली म्हणते, 'सत्य घटनेवर आधारित.' ती विरते न विरते तोच दुसरी येते, 'यातील सर्व पात्रे काल्पनिक आहेत.' दोन्ही पाट्या मीच लिहून दिल्या, एकाच कागदावर, एकाच पेनानं. दिग्दर्शकाला त्यात काही वावगं दिसलं नाही. मलाही दिसलं नाही असं लिहिलं तर चालून जाईल, पण ते खोटं होईल. मला दिसलं होतं आणि मी गप्प बसलो. गप्प बसायची सवय आमच्या घरात जुनी आहे. ती कुठून आली, तेच सांगायला बसलोय.

मी धान पिकवतो आणि केशोरीच्या रस्त्यावर बी-खताचं दुकान चालवतो. पन्नाशी उलटली आहे. तरुणपणी झाडीपट्टीतल्या नाटकमंडळ्यांना चार-पाच नाटकं लिहून दिली होती. त्या लिहिण्यातली एक रीत इथे सांगून ठेवली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. आमच्याकडे खलनायकाला साधं, पुस्तकी नाव देत नाहीत. मंडळीचे मालक सांगायचे, "नाव असं पाहिजे का मागच्या मानसाच्या तोंडी बसलं पाहिजे." म्हणून आम्ही आजूबाजूच्या गावांतली टोपणनावं उचलायचो. प्रेक्षकाला नाव ओळखीचं वाटलं की शिव्या आपोआप सुटतात. शिव्या सुटल्या की नाटक चाललं. ज्याचं नाव उचललं त्याला कोणी विचारत नसे. मीही कधी विचारलं नाही.

दिग्दर्शक म्हणजे गोंदियाचा लग्नाची शूटिंग करणारा माणूस. वय पस्तीस, दोन कॅमेरे, एक ड्रोन आणि परदेशी घोडेस्वारांचे डब केलेले सिनेमे बघून बघून भरलेलं डोकं. एका दुपारी तो माझ्या दुकानात आला, युरियाच्या पोत्यावर बसला आणि म्हणाला, "भैया, अमेरिका में एक एक शेरिफ पे पचास-पचास पिक्चर बनी है. एक तारा लगाया छाती पे, हो गया हीरो. अपने यहाँ का जमादार क्या कम था?"

आमच्या ठाण्याचा तो पोलीस जमादार कमी नव्हता, हे खरं. माझ्या लहानपणी या पट्ट्यात, पार छत्तीसगडच्या सीमेपर्यंत, त्याचं नाव होतं. दोन गावांत पाण्यावरून कुऱ्हाडी निघाल्या तर म्हातारे म्हणत, "थांबा ना बाप्पा, जमादाराले येऊ द्या." तो यायचा सायकलवर. दांडीला छत्री बांधलेली, गळ्यात शिटी. त्याच्या बंदुकीतून कधी गोळी सुटल्याचं कोणी सांगत नाही. जमादाराला दोनच गोष्टींची भीती होती असं माझे वडील म्हणत, साहेबाची आणि खोल पाण्याची. तो यायचा, झाडाखाली छत्री उघडून बसायचा आणि बोलायचाच नाही. समोरच्या दोघांना इतकं अवघडल्यासारखं व्हायचं की तेच बोलायला लागायचे. संध्याकाळपर्यंत कुऱ्हाडी घरी जायच्या.

"इसमें ॲक्शन कहाँ है?" दिग्दर्शकानं विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

"तो डालो ना, भैया. आप लेखक हो."

लेखक! हा शब्द मला वीस वर्षांत कोणी म्हटला नव्हता. त्या एका शब्दावर मी विकलो गेलो. हे लिहिताना मला स्वतःचा जितका संताप येतो तितका त्या पोराचा येत नाही. त्याला काही माहीत नव्हतं. मला सगळं माहीत होतं.

शूटिंग मे महिन्यात झालं. इटियाडोह धरणाचं पाणी उन्हाळ्यात खाली गेलं की मागचा तळ उघडा पडतो. भेगाळलेली माती, बुडून काळी पडलेल्या झाडांचे बुंधे. दिग्दर्शक तिथे उभा राहून म्हणाला, "देखो, पूरा टेक्सास!" छातीवरचा तारा तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून कापला होता. पिस्तुलाचे पट्टे जुन्या दप्तरांतून शिवून आणले होते. गवती टोप्यांना बूटपॉलिश फासलं होतं, दुपार झाली की ते नटांच्या कपाळावरून ओघळायचं. वाळवंटातलं वादळ पाहिजे होतं, म्हणून राइस मिलमधून कोंड्याची पोती आणली आणि धान उफणायच्या पंख्यासमोर रिकामी केली. वादळ झकास दिसलं. पुढचे दोन दिवस सगळी मंडळी अंग खाजवत होती.

घोड्या गोंदियाहून आणल्या, वरातीच्या. पांढऱ्याशुभ्र, सालस. त्यांचा एकच दोष होता, वाजंत्रीशिवाय त्या पुढे पाऊल टाकत नसत. शेवटी कॅमेऱ्यामागे दोन डफडेवाले उभे केले. डफडं वाजलं की घोडी निघायची, पण निघायची ती नाचतच. सीमेवरचा करारी जमादार डाकूचा पाठलाग करतोय आणि त्याची घोडी लग्नमंडपात शिरल्यासारखी पाय उचलतेय. आम्ही सगळे हसलो. मीही पोट धरून हसलो. तेही आता मला खुपतं.

आता खलनायकाकडे येतो.

आमच्या गावात एक ढीवर, म्हणजे मासे धरणारा, होता. धरणाच्या मागच्या पाण्यात त्याचा मोठा डोंगा असायचा, एका झाडाच्या खोडातून कोरलेला. त्या भागात तेवढा मोठा डोंगा दुसऱ्या कुणाचा नव्हता. एका वर्षी पाण्याच्या पलीकडच्या जंगलात तोडून रचलेले सागाचे लठ्ठे, म्हणजे ओंडके, चोरीला गेले. जमादार शोध घेत आला. डोंग्यात सागाची साल सापडली. ढीवर म्हणाला, "मी चार दिवस सासुरवाडीले होतो, साहेब. डोंगा काठावर बांदून गेल्तो. कोनं नेला मले का मालूम?" जमादार त्याला सायकलवर पुढे बसवून ठाण्यावर घेऊन गेला. बाजाराचा दिवस होता. चार गावांनी पाहिलं.

सहा दिवसांनी तो परत आला. पायी आला, एकटाच. ते फारसं कोणी पाहिलं नाही. गुन्हा लागला नाही, लठ्ठे मिळाले, एवढंच कळलं. कसे मिळाले, कुठून मिळाले, कोणी विचारलं नाही. लोकांनी आपसात ठरवून टाकलं की त्यानंच कबुली दिली असेल आणि जमादारानं दया केली असेल. तेव्हापासून तो मरेपर्यंत गावात काही हरवलं की लोक आधी त्याच्या घराकडे बघत. कोणी तोंडावर बोलत नसे. नुसते बघत.

लठ्ठे माझ्या वडिलांनी नेले होते.

हे वाक्य लिहायला मला बावीस वर्षं लागली. वडिलांनी ते मला सांगितलं तेव्हा आम्ही दोघे बांधावर बसून त्याची फुटलेली पार, म्हणजे मातीची कड, दुरुस्त करत होतो. ते आजारी होते, काम मीच करत होतो, ते बघत होते. मध्येच म्हणाले, "तो डोंगा मी नेल्तो." मला आधी कळलंच नाही. मग सगळं सांगितलं. घराला लागून गुरांचा नवीन कोठा बांधायचा होता. पलीकडे लठ्ठे नुसते पडून होते. ढीवर गावात नाही हे ठाऊक होतं. दोन गडी घेतले, डोंगा सोडला, लठ्ठे आणले आणि अंगणातल्या तणसीच्या ढिगात घातले. धानाची तणस, म्हणजे पेंढा, घराएवढा ढीग. ढिगाखाली काय आहे ते बैलालासुद्धा कळलं नसतं.

जमादाराला कळलं. ढीवराला ठाण्यावर बसवलेला असतानाच तो एका दुपारी आमच्या घरी आला. पाणी प्याला, छत्री मिटून भिंतीला टेकवली आणि तणसीच्या ढिगाकडे बघत बसला. बराच वेळ बोलला नाही. मग उठता उठता म्हणाला, "पाटील, तुमच्या तणसीले सागाचा वास येऊन राहिला." एवढंच. छत्री घेतली आणि गेला. वडिलांनी तिसऱ्या दिवशी बैलगाडीनं लठ्ठे फिरवून जंगलाच्या कडेला नेऊन टाकले. जमादारानं 'बेवारस माल मिळाला' असं लिहिलं आणि ढीवराला सोडून दिलं.

मी वडिलांना विचारलं, "मग बाबा, त्याचं नाव?"

ते म्हणाले, "सुटला ना तो."

"सुटला. पण लोक..."

"लोकायले मी का करू?" असं म्हणून त्यांनी माझ्या हातातल्या फावड्याकडे बोट दाखवलं. "थे माती दाब."

मी माती दाबली.

जमादाराची कीर्ती मी कमी करत नाही. आमच्या घरावर त्याचे उपकार आहेत. पण इतक्या वर्षांनी एक गोष्ट त्याच्याविषयीही बोललीच पाहिजे. त्यानं ढीवराला नेलं भर बाजारातून आणि चोराला समज दिली अंगणात, कोणी ऐकत नसताना. पाटलाची अब्रू छत्रीखाली झाकली. ढीवराच्या अब्रूला छत्री नव्हती. हा न्याय नव्हे. आम्ही त्याला न्याय म्हणत आलो, कारण तो आमच्या सोयीचा होता.

तर दिग्दर्शकानं विचारलं, "भैया, विलन का नाम?" आणि मी त्या ढीवराचं टोपणनाव सांगितलं.

ते नाव मी इथे लिहीत नाही. एकदा लिहिलं तेवढं पुरे झालं. ओठांवर आलं म्हणून बोलून गेलो, असं मी नंतर बायकोला सांगितलं, मुलाला सांगितलं, स्वतःलाही सांगून पाहिलं. तसं नव्हतं. मी विचार केला होता. ढीवर वारला होता. वडील वारले होते. जमादार कधीचाच गेला होता. पडद्यावर ढीवर एकदाचा डाकू झाला, जमादाराच्या गोळीनं पाण्याच्या काठावर मेला, की गोष्ट कायमची बंद होईल आणि आमच्या तणसीकडे पुन्हा कोणी बघणार नाही. हा माझा हिशेब होता. शिवाय मी आणखी एक पात्र घातलं. डाकूचा पत्ता सांगणारा, जमादाराला आपली घोडी देणारा, एक सज्जन पाटील. तो कोण करणार म्हणून विचार चालला, तेव्हा दिग्दर्शक म्हणाला, "आप ही करो ना, भैया, पर्सनॅलिटी है." मी केलं. वडिलांचा काळा कोट घालून केलं. कॅमेऱ्यासमोर उभा राहून मी म्हणालो, "जमादार, या मुलुखात आता चोराला थारा नाही." एका झटक्यात ओके झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ज्यांना वाटतं की थोड्या पैशांतल्या, मोबाइलवर बघायच्या सिनेमानं कुणाचं काय बिघडतं, त्यांना मला पुढचं सांगायचं आहे.

सिनेमा पावसाळ्यात यूट्यूबवर आला आणि चालला. घोडीच्या नाचामुळे चालला, असं मला वाटतं. पण लोकांच्या तोंडी बसलं ते मी लिहिलेलं वाक्य. जमादार डाकूवर पिस्तूल रोखून त्याचं नाव घेतो आणि म्हणतो, "पाणी तुझं असन, कायदा माझा हाये!" पोरं शाळेत जाताना म्हणत, ट्रॅक्टरवाले म्हणत. दुकानात बियाणं घ्यायला आलेला माणूस माझ्याकडे बोट रोखून म्हणायचा आणि हसायचा. मीही हसून पावती फाडायचो.

मग पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे मारबत काढतात. पळसाच्या डहाळ्या हातात घ्यायच्या, घराघरातून फिरवायच्या आणि ओरडत ओरडत शिवेबाहेर नेऊन फेकायच्या. जे जे गावात नको ते सगळं तिच्याबरोबर पाठवून द्यायचं. खोकला, खरूज, डास, ढेकूण. "घेऊन जाय गे मारबत!" वर्षात कशाचा त्रास झाला असेल तर त्याचंही नाव घालतात. त्या सकाळी मी ओसरीवर दात घासत होतो. मिरवणूक घरावरून गेली. तीसेक पोट्टे, पाच-सहा मोठे. आधी खोकला झाला, डास झाले. आणि मग कोणीतरी त्या ढीवराचं नाव घेतलं.

"...ले घेऊन जाय गे मारबत!"

सगळे ओरडले. पुन्हा ओरडले. मजा येत होती. ओरडत ओरडतच ते ढीवर मोहल्ल्याकडे वळले, कारण शिवेचा रस्ता तिकडूनच जातो.

त्याच दिवशी दुपारी ढीवराची लेक माझ्या दुकानात आली. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. नवरा गेल्यावर माहेरीच राहिली, बाजारात मासे विकते. डोक्यावरची टोपली तिनं बाहेरच उतरवली होती. मी म्हणालो, "या ताई, बसा." ती बसली नाही.

"भाऊ, थे सिनेमा तुमी लिवला?"

"हो."

"मंग माह्या बापाचं नाव काऊन टाकलं?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मी आवाज गोड केला. "ताई, ते तुमच्या बाबांचं नाही. नाव कुणाचंही असते. काल्पनिक आहे ते, पाटी पण दिली आहे सुरुवातीला."

"त्या नावाचा दुसरा मानूस दाखवा मले."

मी पावतीपुस्तक उघडलं.

"या तालुक्यात दाखवा. नाई त धरणाच्या पल्याड दाखवा." तिनं बाहेरच्या रस्त्याकडे बोट केलं. "माह्या बापाले मेल्यावर गोळी घातली तुमी. सकारी माह्या दारापुढून त्याले मारबतसंगं धाडलं. माही नात विचारून राहिली, आजी, आपन चोर होतो का? का सांगू तिले? कालपनिक होतो म्हनू?"

एक गिऱ्हाईक हसलं. ती त्याच्याकडे वळली. "तुले हासू कायले येते रे? तुह्या आजानं माह्या बापाच्या हातची मच्छी फुकट नाई खाल्ली का?"

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "नाव काढा थे. बाकी तुमचा सिनेमा तुमाले लखलाभ."

मी दिग्दर्शकाला फोन केला. नाव बदल म्हणालो, आवाज पुन्हा भर, पाहिजे तर मी येऊन भरून देतो. तो आधी हसला. मग म्हणाला, "भैया, नाम ही तो चल रहा है! लोग उसी डायलॉग पे रील बना रहे हैं. नाम निकाला तो बचा क्या? नाचनेवाली घोडी?" मी म्हणालो, त्या माणसाची मुलगी जिवंत आहे, नात आहे. "तो क्या हुआ, डिस्क्लेमर है ना." मी म्हणालो, माणूस निर्दोष होता. तो म्हणाला, "आपको कैसे पता?"

मी फोन ठेवला.

याचा मला आजही संताप आहे, पण कोणावर ते मी नीट सांगितलं पाहिजे. एका पोराला वाटतं, पत्र्याचा तारा लावला की कुणालाही कायद्याचा देव करता येतो आणि समोर एक गरीब उभा केला की त्याला गोळी घालता येते. वाटू दे. त्यानं पाहिलेल्या सिनेमांत तसंच होतं. तिकडेही सीमेवरचे ते शेरिफ खरे कसे होते आणि पडद्यावर मेलेले खरे कोण होते, कोणी विचारलं असेल का, देव जाणे. गावाचाही संताप आहे. तीस वर्षं नुसत्या नजरेनं जे केलं ते त्यांनी आता गळा काढून केलं. पण दिग्दर्शकाचा तो प्रश्न बरोबर होता आणि त्याचं उत्तर एकट्या माझ्याकडे होतं. मी ते दिलं नाही. आणखी एक वर्ष दिलं नाही. सिनेमाखाली 'नाव काल्पनिक आहे' अशी एक ओळ लिहून आलो आणि त्यावर समाधान मानलं. त्या ओळीखाली कोणीतरी हसरा चेहरा टाकला होता.

ढीवराची लेक माझ्या दुकानासमोरून बाजाराला जायची. पूर्वी "काय भाऊ" म्हणायची. आता म्हणत नव्हती.

पुढच्या पोळ्याला आठ दिवस असताना मी तिच्या घरी गेलो. ती अंगणात जाळं पसरून त्याची फाटलेली घरं विणत होती. मी खाली बसलो. तिनं बसायला गोणपाट टाकलं नाही आणि ते बरंच झालं. मी सगळं सांगितलं. कोठा, डोंगा, दोन गडी, तणस, जमादाराची छत्री. सुई चालत होती. मी संपवलं तरी चालत होती.

मग ती म्हणाली, "तुमच्या घरी मी किती सालं मच्छी देल्ली, मालूम हाये?"

"हो."

"तुमच्या बाबानं कदीच भाव नाई केला. जो म्हनन तो देल्ला. मी घरी येऊन सांगो, पाटील मोठ्या दिलाचा मानूस हाये." तिनं दातानं दोरा तोडला. "माहा बाप आयके. कायीच बोले नाई."

मला वाटलं ती रडेल, किंवा शिव्या देईल. मी दोन्हीची तयारी करून गेलो होतो. ती म्हणाली, "हे मले कायले सांगून राहिले, भाऊ? माहा बाप चोर नोहता हे मले मालूमच होतं. ज्यायले मालूम नाई त्यायले सांगा."

"सांगतो."

"कोठी सांगता? दुकानात, हरू हरू?"

तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. पण तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. दुकानात हळू आवाजात सांगून भागणार नव्हतं, ज्या रस्त्यानं नाव गेलं त्याच रस्त्यानं ते परत आणायचं होतं.

मारबतीच्या सकाळी मी आंघोळ करून ढीवर मोहल्ल्याच्या पुढे, शिवेच्या पळसाजवळ जाऊन उभा राहिलो. पाऊस नव्हता, चिखल होता. मिरवणूक आली. खोकला, खरूज, डास. आणि नाव. एका वर्षात ते मारबतीत पक्कं बसलं होतं, खोकल्याशेजारी. त्या पोरांत काहींनी तर सिनेमाही पाहिला नसेल.

मी वाटेत आडवा उभा राहिलो. "थांबा," म्हणालो.  पुढच्यांनी मागच्यांना थांबवलं. मी बोललो. नाटकासाठी वीस पानं एका बैठकीत लिहिणारा माणूस मी, पण तिथे तीन-चार वाक्यंच सुचली. "ते लठ्ठे त्यानं नेले नव्हते. माझ्या बापानं नेले होते. आमच्या तणसीत होते. मला माहीत होतं आणि तरी मी सिनेमात त्याला चोर केला. त्याचं नाव घेऊ नका."

 दोन-तीन मोबाइल वर झाले. मग मागून एक पोट्टा म्हणाला, "मंग काका, आता कोनाचं नाव घ्यावं?"

मी म्हणालो, "माझ्या बापाचं घ्या. नाही तर माझं घ्या."

आणि कोणाच्याही गळ्यातून आवाज निघाला नाही. मोठी माणसं खाली बघायला लागली. एक जण म्हणाला, "जाऊ द्या ना भाऊ, जुनी गोठ हाये. पाटील भले मानूस होते." दुसरा म्हणाला, "तुमी कायले वाईट वाटून घेता? पोट्ट्यायचा खेल हाये." ढीवराचं नाव घ्यायला यांना पुरावा लागला नव्हता. एक डब्याचा तारा आणि एक नाचरी घोडी पुरली होती. माझं नाव घ्यायला मी स्वतः समोर उभा राहून कबुली दिली तरी ते कमी पडलं. त्यांतल्या निम्म्यांच्या घरचं बी-खत माझ्या दुकानातून जातं. माझ्या चेहऱ्याची त्यांना भीड होती. इतका राग मला आयुष्यात आला नव्हता आणि त्या भिडेवर मी पन्नास वर्षं जगलो हे कळून तो रागही मला धड करता येईना.

मग मीच ओरडलो. बापाचं नाव घेतलं, माझं घेतलं आणि "घेऊन जाय गे मारबत" म्हणालो. एकट्याच्या आवाजात ते फार बारीक वाटतं. कोणी साथ दिली नाही. लोकांनी डहाळ्या चिखलात टाकल्या आणि न ओरडता घरी गेले. त्यांच्या पायांखालून डहाळ्यांची पानं तुटून चिखलात रुतली. मोहल्ल्याच्या तोंडाशी ढीवराची लेक नातीचा हात धरून उभी होती.  नात माझ्याकडे टकमक बघत होती.

तो व्हिडिओ दुपारपर्यंत गोंदियाला पोचला. दिग्दर्शकाचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "भैया! ये पहले क्यों नहीं बताया? ये तो पार्ट टू है!" मी म्हणालो, पार्ट टू नाही, आधी त्या पार्ट वनमधून नाव काढ. तो "देखते हैं" म्हणाला. अजून बघतोच आहे. सिनेमा आहे तिथेच आहे. मी काळ्या कोटात अजून म्हणतो आहे की या मुलुखात चोराला थारा नाही. म्हणून हे लिहितो आहे. जो तो सिनेमा बघेल त्याला हेही कुठेतरी सापडावं.

पुढच्या बाजाराला मी मासे घ्यायला गेलो. तिच्याच टोपलीपुढे बसलो. तिनं भाव सांगितला, नेहमीपेक्षा बराच जास्त. मी खिशात हात घातला.

"थांबा," ती म्हणाली. "भाव करा ना, भाऊ."

"राहू द्या ताई, ठीक आहे."

"नाई. भाव करा." तिनं तराजू खाली ठेवला. "तुमच्या बापावानी नका करू."

मला भाव करता येत नाही. आमच्या घरात मासे घेताना तो कधी केलाच नाही, आणि का केला नाही ते आता आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी चाचरत एक आकडा म्हणालो. ती म्हणाली, "एवढ्यात त डोके बी नाई येत." मी थोडा वाढवला. ती थोडी उतरली. शेजारच्या टोपलीवाल्या बाया हसायला लागल्या. पाचेक मिनिटं आम्ही दोघं भर बाजारात, सगळ्यांदेखत, हुज्जत घालत बसलो.